चरा पुसायचा नाही

घरातला स्टीलचा एक चमचा घ्या, खिडकीत ठेवा आणि मोबाईलने त्याचा फोटो काढा. काय येतं फोटोत? चमचा सोडून सगळं. खिडकीचे गज, पंखा, दोरीवरचा टॉवेल आणि मधोमध मोबाईल धरून वाकलेले तुम्ही, तेही नाक फुगलेल्या अवस्थेत. चकचकीत धातूला स्वतःचं रूप फारसं नसतंच, समोर जे असेल ते तो दाखवतो. म्हणून दागिने, घड्याळं आणि सुऱ्या यांचे फोटो काढणाऱ्या मंडळींबद्दल मला भारी आदर आहे. आजचा विषय त्यातल्या तिसऱ्या गटाचा. सुऱ्या बनवणारे आणि त्यांचे फोटो काढणारे यांच्यात जी मैत्री असते (आणि त्या मैत्रीत जी टवाळी चालते), तिच्याबद्दल माझं एक मत झालंय. ते या वीकेंडला मांडून टाकतो.

थोडी पार्श्वभूमी. ऑनसाईटच्या कृपेने मी वर्ष-दीड वर्ष अटलांटाच्या एका उपनगरात काढलं. तिथला आपला शनिवार-रविवार म्हणजे कॉस्टको, देवळातलं जेवण आणि परत लॅपटॉप. पण त्याच शहरात दरवर्षी उन्हाळ्याच्या सुमारास 'ब्लेड शो' नावाचं सुऱ्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. रूममेट म्हणाला, "सुऱ्या बघायला तिकीट काढून जायचं? आपल्या किचनमध्ये तीन आहेत, फुकट बघ." तरी गेलो. हॉलभर टेबलं, टेबलांवर मखमली कापड, त्यावर सुऱ्या आणि बहुतेक टेबलांमागे त्या सुऱ्या स्वतःच्या हाताने बनवणारा माणूस. कुणी आठवडाभर शेती करतो, कुणी वेल्डर, कुणी रिटायर्ड शिक्षक. मी कॅमेरा घेऊन गेलो होतो, त्यामुळे माझे पाय आपोआप वळले ते कोपऱ्यात पांढरे पडदे आणि दिवे लावून बसलेल्या फोटोग्राफरांकडे. प्रदर्शनातच सुरी आणून द्यायची, फोटो काढून घ्यायचा, अशी सोय असते तिथे.

आता तुम्ही म्हणाल, सुरीला फोटो हवाच कशाला एवढा? आपल्याकडे कोकणात कोयता लागला की माणूस लोहाराकडे जातो. हातात घेतो, तोलून बघतो, अंगठ्याने धार चाचपतो. पाणी नीट बसलेलं नसेल तर आठवड्याने तोच कोयता परत आणून टाकतो आणि वर चार शब्द ऐकवतो. लोहार आणि गिऱ्हाईक यांच्यात अंतर दोन-चार मैलांचं, फोटोचा संबंध येतोच कुठे! अमेरिकेतला हाताने सुऱ्या घडवणारा मात्र बहुतेक वेळा गावाबाहेरच्या आपल्या गॅरेजमध्ये एकटा असतो. त्याचं गिऱ्हाईक हजार मैलांवर, कधी जर्मनीत, कधी जपानमध्ये. सुरीची किंमत तीनशे-चारशे डॉलरपासून पुढे कितीही, आणि विकत घेईपर्यंत गिऱ्हाईकाच्या हातात ती येतच नाही. त्याला मिळतो तो फोटो. म्हणजे बघा, कोकणातल्या गिऱ्हाईकाचा अंगठा जे काम करतो ते इथे लेन्सने करायचं असतं.

आणि ते सोपं नाही. इंजिनिअर मंडळींसाठी थोडं गणित, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. आरसा एक अंशाने कलला की परावर्तित किरण दोन अंशांनी वळतो, हे आपण अकरावीत शिकलो. सुरीचं पातं म्हणजे एक आरसा नसून निदान दोन असतात. एक मुठीजवळचा सपाट भाग आणि दुसरा धारेकडे उतरत जाणारा भाग. समजा या दोघांत तीन अंशांचा फरक आहे. मग प्रतिबिंबात सहा अंशांचा फरक पडतो, आणि दिव्यासमोरचा पडदा पात्यापासून साठ सेंटिमीटरवर असेल तर दोन्ही भागांना पडद्यावरचे जे ठिपके 'दिसतात' त्यांच्यात सव्वासहा सेंटिमीटरचं अंतर असतं. म्हणजे पडद्याची कड नेमकी त्या सव्वासहा सेंटिमीटरच्या आत आली, की पात्याचा एक भाग लख्ख पांढरा आणि दुसरा ठार काळा. पातं आतून कोरलेलं असेल तर विचारूच नका, मग तो चमचाच झाला. 'पोलरायझर लाव की' हा सल्लाही इथे कामाचा नाही. काचेवरची किंवा पाण्यावरची चकाकी त्या फिल्टरने मारता येते, उघड्या धातूवरची त्याला सहसा दाद देत नाही. मग ही माणसं करतात काय, तर मोठा पांढरा पडदा लावून पात्याला दाखवायला एक स्वच्छ आभाळ तयार करतात आणि त्या आभाळात काळ्या कार्डाची एखादी पट्टी सरकवून पात्यावर हवी तिथे सावलीची रेघ पाडतात. फोटो खरं तर त्या आभाळाचा निघतो. सुरी फक्त त्याला आकार देते.

मी जिथे उभा होतो तिथे एक टोपीवाले फोटोग्राफर काका आणि एक दाढीवाले सुरीवाले काका (दोघेही साठीच्या आसपासचे) स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले होते. संवाद अर्थातच इंग्रजीत झाला, पण मराठीत जास्त शोभतो म्हणून मराठीत देतो.

दाढीवाले म्हणाले, "झकास आलाय. फक्त टोकाजवळचा तो चरा तेवढा पुसून टाक ना."

"टाकतो की. फोटोतला चरा पुसायला मला दहा सेकंद लागतात. पात्यावरचा पुसायला तुला किती लागतील?"

"दोन तास तरी."

"मग दोन तासांनी ये. मी कुठे जात नाही."

आसपासचे सगळे हसले. दाढीवालेही हसले, टोपीवाल्यांच्या कॅमेऱ्याच्या वयावरून काहीतरी पुटपुटले, आणि पुढचा भाग महत्त्वाचा: सुरी उचलून खरंच निघून गेले. शेजारच्या टेबलवरून त्यांनी पॉलिश पेपर मागून घेतला. तीन तासांनी परत आले तेव्हा पात्यावर तो चरा नव्हता.

माझं मत सगळं या एका प्रसंगात आलंय. सुरीवाल्याचा खरा मित्र तो फोटोग्राफर, जो चरा पुसायला नकार देतो. आणि तो नकार पचतो तो थट्टेमुळे.

तो चरा होता कसला, हे सांगायला हवं. पातं हाताने घासताना पेपर बदलत बदलत जातात. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. जाणकार लोक दर पेपरला घासायची दिशा बदलतात. खरखरीत पेपरने आडवं, पुढच्याने तिरकं, शेवटच्याने उभं, म्हणजे पात्याच्या लांबीत. का? तर आधीच्या पेपरचा एखादा चरा मागे राहिलाच तर तो वेगळ्या दिशेमुळे लगेच ओळखू यावा. बारीक खाचेवर पडलेला प्रकाश खाचेला काटकोनात पसरतो. त्यामुळे दिवा पात्याच्या लांबीच्या दिशेने, खालून, तिरका लावला तर लांबीतले हजारो बारीक चरे शांत, काळपट दिसतात आणि आडवा राहिलेला एकुलता एक चरा ताऱ्यासारखा चमकतो. गंमत म्हणजे तो कॅमेऱ्याच्या पिक्सेलपेक्षा बारीक असला तरी दिसतो. पंचवीस सेंटिमीटरची सुरी सहा हजार पिक्सेलमध्ये बसवली तर एक पिक्सेल साधारण बेचाळीस मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून जरासा बारीक. चरा त्याच्या कितीतरी आत बसतो, पण आरशासारखा उजेड फेकतो, म्हणून पकडला जातो. आकाशातल्या ताऱ्यांचंही तेच आहे.

म्हणजे सुरीवाला आपल्या गॅरेजमध्ये पातं वळवून वळवून ज्याचा शोध घेत असतो, नेमका त्याचाच शोध फोटोग्राफरचा दिवा घेतो, फक्त शंभरपट निर्दयपणे. त्या दिवशी मिळालेला सर्वात कामाचा सल्ला हाच होता. टोपीवाल्यांनी एका नवख्या पोराला सांगितलं, "वरची ट्यूबलाईट बंद करून घासायला बस. टेबलाच्या टोकाला एकच दिवा लाव, खाली, पात्याच्या रेषेत. ट्यूबलाईट तुझ्याशी खोटं बोलते." या माणसाने आयुष्यात एकही पातं घासलेलं नसेल. तरी घासण्याबद्दलचा त्याचा सल्ला अव्वल होता, कारण घासून झाल्यावर काय उरतं हे त्याने इतरांपेक्षा जास्त वेळा बघितलेलं.

उलट बाजूनेही देवाणघेवाण चालू होती. कार्बन स्टीलच्या पात्याला बोटं लागली की घामातल्या मिठाने तासाभरात ठसा गंजायला लागतो, हे सुरीवाल्यांनी फोटोग्राफरांना शिकवलेलं. म्हणून हातमोजे. तेलाचा हात फार पातळ राहिला तर फोटोत इंद्रधनुष्य उमटतं, म्हणून तेल पूर्ण पुसायचं, फोटो काढायचा, परत लावायचं. पातं पुसताना फडकं नेहमी पाठीकडून धारेकडे न्यायचं, उलट नाही. आणि सुरी हातातून निसटली तर पकडायला जायचं नाही, पाय मागे घ्यायचे. हे शेवटचं सांगताना दाढीवाल्यांनी डाव्या हाताचा तळवा दाखवला. जास्त समजावून सांगायची गरज पडली नाही. :)

पात्याचं खरं रूप कागदावर उतरवायची ही मारामारी फार जुनी आहे. जपानी तलवारीच्या धारेलगत एक धुरकट, लाटांसारखी रेघ असते, तिला हामोन म्हणतात. पात्यावर मातीचा लेप देऊन, धारेकडे तो पातळ ठेवून, तापवून पाण्यात बुडवलं की धार पटकन थंड होऊन कडक होते आणि पाठ जरा मऊ राहते. त्या दोन पोलादांची सीमा म्हणजे हामोन. ती एका नजरेत पूर्ण दिसतच नाही. दिव्याखाली पातं हळूहळू कलतं करत न्यावं लागतं, तेव्हा तुकड्या-तुकड्याने उलगडते. म्हणून जपानी अभ्यासक 'ओशिगाता' काढतात. पात्यावर पातळ कागद ठेवून शाईच्या कांडीने घासून बाहेरचा आकार आणि मुठीतल्या भागावरची कारागिराची सही उतरवून घ्यायची, आणि मग दिव्याखाली बघत बघत हामोन हाताने रेखाटायचा. एवढे कॅमेरे आले तरी ही पद्धत बंद झालेली नाही. एखादा सफाईदार फोटो दाखवू शकत नाही ते माणसाचा हात दाखवतो, कारण काढणारा पात्यासमोर तासन् तास बसलेला असतो. मला वाटतं चांगल्या फोटोग्राफरचं कामही याच जातीचं आहे, फक्त हत्यार वेगळं.

दोन्ही धंद्यांचं नातं नुसतं ओळखीपाळखीचं नाही, रक्ताचं आहे म्हणा ना. १७४३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या शेफील्ड गावात टॉमस बोल्सोव्हर नावाचा सुऱ्या-काट्यांच्या धंद्यातला एक कारागीर होता. सुरीची मूठ दुरुस्त करताना त्याला तांब्यावर चांदी कायमची चिकटते आणि मग दोन्ही एकत्र लाटता येतात हे सापडलं असं सांगतात. चांदीचा पत्रा चढवलेलं ते तांबं 'शेफील्ड प्लेट' म्हणून गाजलं. पुढे १८३९ मध्ये फ्रान्समध्ये लुई दागेर यांनी फोटो काढायची आपली रीत जाहीर केली, आणि त्यांचा फोटो उमटायचा तो कशावर? चांदी चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, आरशासारखा घासून घासून चमकवलेल्या. म्हणजे पहिलेवहिले फोटोग्राफर सकाळी उठून जे करायचे ते धातूचं पॉलिशच होतं.

आणि एक बाटली दोघांच्याही कपाटात सापडते: फेरिक क्लोराइड. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, आठवलं का? पीसीबी बनवायला लॅबमध्ये जे तपकिरी द्रावण असायचं आणि ज्याचे डाग शर्टावरून आजतागायत गेलेले नाहीत, तेच. दमास्कस म्हणून आज जे नक्षीदार पोलाद मिळतं, ते दोन जातींच्या पोलादांचे थर भट्टीत एकजीव करून, दुमडून, ठोकून बनवतात. बऱ्याचदा १०८४ नावाचं साधं कार्बन पोलाद आणि थोडं निकेल असलेलं १५ एन २०. ठोकून झाल्यावर नक्षी दिसतच नाही, नुसता पांढरा पत्रा. फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की साधं पोलाद खाल्लं जाऊन काळं पडतं, निकेलवालं चमकत राहतं, आणि नक्षी वर येते. फोटोच्या इतिहासात हेच रसायन टॅलबट यांनी १८५० च्या दशकात आणि मग १८७९ मध्ये कारेल क्लीच यांनी वापरलं, तांब्याच्या पत्र्यावर फोटो कोरून तो शाईने छापण्यासाठी. आजही काही हौशी लोक त्या पद्धतीने छापतात. आता अशा दोन माणसांना एका टेबलाशी बसवलं तर गप्पांना विषय काय कमी! द्रावण किती पातळ करायचं यावरच तास जातो.

या मोकळेपणाबद्दल कौतुक वाटायचं आणखी एक कारण आहे. आपल्याला 'विद्या लपवून ठेवणारा गुरू' फार परिचयाचा. शेवटचा डाव शिष्याला शिकवायचा नाही, खास मसाला सुनेला सांगायचा नाही, आणि ऑफिसात डिप्लॉयमेंटची स्क्रिप्ट फक्त एकाच्याच मशीनवर ठेवायची. अमेरिकेतल्या सुरीवाल्यांचा धंदाही असाच बंद मुठीचा राहू शकला असता. पण बिल मोरान या मेरिलँडमधल्या लोहाराने १९७३ मध्ये सुरी कारागिरांच्या प्रदर्शनात स्वतः घडवलेल्या दमास्कसच्या सुऱ्या मांडल्या आणि त्या कशा घडवल्या हे झाकून ठेवलं नाही. १९७६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी' उभी राहिली. तिची परीक्षा ऐका. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या सुरीने लोंबती, इंचभर जाडीची दोरी एका घावात तोडायची. मग त्याच सुरीने बांधकामातलं जाड लाकूड दोनदा तोडायचं. मग त्याच धारेने, मध्ये धार न लावता, हातावरचे केस भादरून दाखवायचे. आणि शेवटी पातं शिकंज्यात पकडून काटकोनात वाकवायचं. तुटलं की नापास. एवढं पार पाडल्यावर तुम्ही काय झालात? 'जर्नीमन', म्हणजे मधल्या पायरीचे. 'मास्टर' पुढे अजून आहे. आपल्या सर्टिफिकेशनच्या परीक्षा (चार पर्याय, दोन उघड चुकीचे) आठवून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

गंमत अशी की या परीक्षेतलं काहीही फोटोत दिसत नाही. फोटोत दिसते ती फक्त सफाई. म्हणूनच पट्टीचे सुरीवाले फोटोग्राफरला चिडवतात, "तुला काय, तुझी सुरी कापत नसली तरी चालते." त्यावर फोटोग्राफरचं ठेवणीतलं उत्तर, "आणि तुझी कापत असली तरी विकली जात नाही, माझ्याशिवाय." कुणी नवखा गिऱ्हाईक म्हणालाच, की वा, छान फोटो आलाय, कॅमेरा चांगला दिसतोय, तर दाढीवाले मध्येच तोंड घालून म्हणणार, "हो, आणि ही सुरीपण छान आहे, माझा हातोडा चांगला आहे ना." विनोद जुनाच, पण दर तासाला चालतो.

ही टवाळी मी दोन दिवस कान देऊन ऐकली. तिला काही अलिखित नियम असावेत. टोमणा कामावर किंवा हत्यारावर, माणसावर नाही. बरोबरीच्याला आधी टोमणा, मग सल्ला. नवख्याला आधी सल्ला, टोमणा पुढच्या वर्षी. ट्यूबलाईटवाला सल्ला ज्याला मिळाला त्या पोराची सुरी एका बुजुर्गाने हातात घेतली, मिनिटभर काही न बोलता उजेडात फिरवली, मग म्हणाला, "मूठ हातात छान बसते." पोराचा जीव भांड्यात. "आता दोन्ही बाजूंचा उतार जिथे सुरू होतो त्या रेघा समोरासमोर येतायत का बघ." येत नव्हत्या. पोराला ते त्याआधी दिसलेलं नव्हतं, आता मात्र जन्मभर दिसणार.

यात एक सोय आहे हे मान्य. फोटोग्राफर आणि सुरीवाला एकमेकांचे स्पर्धक नाहीत. सुरीवाल्याला दुसऱ्या सुरीवाल्याने चरा दाखवला तर मनात येतं, हा जळतो. फोटोग्राफरने दाखवला तर तसं मनात यायला जागाच नाही. त्याला उलट चकचकीत सुरी मिळाली तर त्याचं काम सोपं. आपल्या धंद्यात ही जागा टेस्टरची आहे, आणि आपण ती किती वाया घालवतो! डेव्हलपर बगला 'माझ्या मशीनवर चालतं' म्हणतो, टेस्टर बगची संख्या रिपोर्टात टाकतो, मॅनेजर दोघांना मेलवर सीसी करतो, आणि थट्टेला कुठे जागाच उरत नाही. थट्टा नसली की प्रत्येक बग आरोप होतो. सुरीवाल्यांच्या टेबलाशी कुणी सीसीमध्ये नव्हतं, हा मोठा फरक.

आणि चरा पुसून देणारे मित्र आपल्याकडे मुबलक. मी पूर्वी जिथे होतो त्या एका कंपनीत क्लायंटला दाखवायचे स्क्रीनशॉट डिझायनरकडून 'सुंदर' करून घेतले होते. रिपोर्टचं जे पान उघडायला चाळीस सेकंद घ्यायचं, ते स्लाईडवर बघायला फारच देखणं दिसायचं. क्लायंट खूश, करार झाला. पुढचे तीन महिने आमची टीम रात्री बारापर्यंत त्या स्लाईडच्या मागे धावत होती, आणि स्लाईड बनवणारे दुसऱ्या क्लायंटकडे होते. फोटोत पुसलेला चरा असाच कुणाच्या तरी दोन तासांवर जाऊन बसतो. सुरीवाल्याच्या बाबतीत तर डाकेने परत येतो. गिऱ्हाईक पार्सल उघडतं, खिडकीत जाऊन पातं कलतं करतं, आणि मग शंभर जणांना सांगतं. एकट्या माणसाचा धंदा, नाव हीच काय ती पुंजी.

मग फोटोत काहीच हात लावायचा नाही का? तसं नाही. धूळ पुसा, फडक्याचा धागा पुसा, सेन्सरवरचा डाग पुसा. ते सुरीचं नाही. मुठीपासून टोकापर्यंत सगळं स्पष्ट यावं म्हणून चार-पाच फोटो जोडले तरी माझी हरकत नाही, डोळा तेच करतो. दोन्ही बाजू एका चित्रात मांडणं तर रूढच आहे. पण चरा, मूठ आणि गार्ड यांच्यातली फट, एका बाजूला जास्त घासलं गेलेलं टोक, हे सुरीचं आहे. त्याला हात लावायचा नाही. टोपीवाले काकांची रेघ याहून सोपी होती: सुरी धुतल्यावर जे जाईल ते फोटोतून काढतो.

अडचण अशी की आता न विचारताच पुसलं जातं. त्या वर्षी हा प्रश्न दहा सेकंदांचा तरी होता. आज फोनचा कॅमेरा फोटो काढता-काढताच 'नॉइज' म्हणून बारीक पोत गुळगुळीत करतो. त्याला हाताने घासलेल्या पात्याचे उभे चरे आणि अंधारातली रवाळ घाण यांतला फरक कळेलच असं नाही. दमास्कसची बारीक नक्षी तो स्वतःच्या अंदाजाने भरूनही टाकू शकतो. एआयवाल्या एडिटरमध्ये बोटाने गोल केला की चरा गायब, आणि त्या जागी पात्याचा असा तुकडा जो कुणीच घासलेला नाही. पुसायला नकार देणारा माणूसच मधून गेला. काही सुरीवाल्यांनी यावर एक साधी वाट धरलीय. फोटोसोबत एक छोटा व्हिडिओ द्यायचा, हातात सुरी धरून, खिडकीपाशी, हळूहळू कलती करत. उजेड टोकापासून मुठीपर्यंत सरकत जातो आणि आडवा चरा असेल तर एका क्षणासाठी चमकतोच. ओशिगाता काढणारा दिव्याखाली जे करतो, तेच. व्हिडिओ बघायला सुंदर नसतो, मागे कुत्रं भुंकत असतं, पण मी सुरी घ्यायची तर तो बघून घेईन.

दाढीवाले काका त्या दिवशी नवा फोटो घेऊन जाताना टोपीवाल्यांचा फोमबोर्ड कापायचा कटर उचलून घेऊन गेले. "याने तू कापतोस की कुरतडतोस?" तासाभराने धार लावून परत आणून दिला. पैसे फोटोचे वेगळे घेतले गेले, धारेचे नाही. फक्त एका गोष्टीवरून दोघांचं शेवटपर्यंत जुळलं नाही. मुठीचं लाकूड फोटोत जास्त लाल दिसतंय असं दाढीवाल्यांचं म्हणणं, आणि ते तेवढंच लाल आहे असं टोपीवाल्यांचं. दोघांनी मला मध्ये घातलं. मी सुरी घेऊन बाहेर उन्हात गेलो, बघून आलो. हॉलच्या दिव्यात एक रंग, उन्हात दुसरा, स्क्रीनवर तिसरा. तसं सांगितल्यावर दोघेही एकदम म्हणाले, "कॉम्प्युटरवाला दिसतोस."